मिश्री लागली
तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला की मला अजून गरगरतं. बी.ए. होऊन मी एका दंतमंजनाच्या कंपनीत चिकटलो आणि पहिल्याच आठवड्यात साहेबांनी मला घोटावड्याला पिटाळलं. एका ओसरीवर बायका मिश्री लावत बसल्या होत्या. मी टाय सावरून आमच्या गुलाबी भुकटीचे गुण घडाघडा म्हणून दाखवले आणि प्रत्येकीच्या तळहातावर चिमूटभर टाकली. सगळ्यांनी ती निमूटपणे दातांना घासली. मग त्यांतल्या एका म्हातारीनं चूळ भरली आणि आपली डबी माझ्यापुढं केली. "आमी तुजी लावली, आता तू आमची लाव." गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, असं साहेबांनी बजावलेलं. मी बोटभर मिश्री हिरड्यांवर फिरवली. क्षणात ओसरी फिरायला लागली, समोरचा डोंगर आडवा झाला आणि मी टायसकट जमिनीवर. म्हातारीनं मला लिंबू चोखायला दिलं आणि बायकांकडं वळून म्हणाली, "बगा गं, ह्याची लावून कुणाला काय झालं? आमची बगा, कशी झटक्यात लागली!" पुढं तीस वर्षं मी नव्या पोरांना माल कसा खपवायचा ते शिकवलं, पण गिऱ्हाइकाला असं आडवं करणं मला एकदाही जमलं नाही.