अण्णांचा इंग्रजीचा तास

माझी मुलगी मराठी बोलत नाही. हे मी वर्षानुवर्षं हसत सांगत आलो. तिची आई बंगाली, मी मराठी, त्यामुळे घरात दोघांची मिळून भाषा इंग्रजी. आम्ही परदेशात, बुकित तिमाहला एका कॉन्डोत, म्हणजे सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये राहतो, ती शाळेत मँडरिन शिकते. इथल्या ओळखीच्या मराठी घरांतही पोरं आईबापांना इंग्रजीतच उत्तरं देतात, तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. मला तर नाहीच, कारण माझ्याकडे अण्णा होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. कराडच्या एका शाळेत त्यांनी उभं आयुष्य इंग्रजी शिकवलं. आई गेल्यावर ते तिथेच, माझ्या थोरल्या बहिणीकडे, राहायला गेले. ताईच्या घरी त्यांना काही कमी नव्हतं, पण इंग्रजीत बोलायला कुणी उरलं नव्हतं. तेवढ्यात माझी मुलगी बोलायला लागली आणि दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल सुरू झाला. आमचे दुपारचे अडीच, त्यांचे बारा. इस्त्रीचा शर्ट घालून ते फोनसमोर बसत. ती 'हो'ऐवजी इथल्यासारखं नुसतं 'कॅन, कॅन' म्हणाली की थांबवत आणि तिच्याकडून पूर्ण वाक्य म्हणून घेत. आजोबा, तुम्ही पुस्तकासारखं बोलता लाह, असं ती म्हणे. इथे वाक्याच्या शेवटी सहज जोडतात त्या 'लाह'चा अर्थ त्यांनी तिला कितीदा तरी विचारला होता. ताई सांगायची, फोन झाला की अण्णा दिवसभर तिच्यावर तो वापरून बघायचे.

एकदा मी त्यांना म्हटलं, तिच्याशी जरा मराठीतही बोला, कानावर पडेल.

"तो तुझा विषय," अण्णा म्हणाले. "माझ्याकडे इंग्रजी आहे."

मी हसलो. माझा विषय मी कधी शिकवायला घेतलाच नाही.

मुलगी दहा वर्षांची असताना अण्णांना अर्धांगाचा झटका आला. मी एकटाच धावत गेलो. उजवा हात लुळा पडला होता, वाचा गेली होती. दोन महिन्यांनी ताईने फोनवर सांगितलं, बोलायला लागलेत. बोलायला लागले होते, पण फक्त मराठीत. तेही शाळेतलं मराठी नव्हे, लहानपणचं, गावाकडचं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. नंतर शिकलेली भाषा पुसली जाते, परत येईल किंवा येणारही नाही. ताईने इंग्रजी पेपर हातात दिला तर त्यांनी तो उलटसुलट केला आणि घडी करून बाजूला ठेवून दिला.

रविवारचे फोन आम्ही चालू ठेवले. मुलगी बोलायची, अण्णा पडद्याकडे बघत राहायचे. ते काही म्हणाले की ती माझ्याकडे बघायची. मी मध्ये बसून दोन्हीकडचं सांगायचो. आधी अर्धा तास चालायचं, मग दहा मिनिटं. मग तिला रविवारी अभ्यास असायला लागला.

डिसेंबरच्या सुट्टीत मी तिला घेऊन कराडला गेलो. विमानात तिने माझ्याकडून एक वाक्य घोटून घेतलं. दारात अण्णा खुर्चीवर बसले होते. तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही कसे आहात?"

अण्णांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं आता सगळं ठीक होणार. ते तिच्याशी भरभरून बोलायला लागले. प्रवासाबद्दल विचारलं, नदीवर जाऊ म्हणाले, तिच्या आजीचं काहीतरी सांगितलं. ती हसत उभी राहिली. तिच्याकडचं वाक्य संपलं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं, मग थांबले आणि माझ्याकडे वळले.

"पोरगी बोलंना का रं? माझ्यावर रागावलीया का?"

काय म्हणाले, असं तिने मला विचारलं. मी सांगितलं, तू उंच झालीस म्हणतायत. ती लगेच ताठ उभी राहिली, त्यांना उंची दिसावी म्हणून. अण्णांना मी म्हणालो, "नाही हो, प्रवासानं दमलीय." एका मिनिटात मी दोघांशीही खोटं बोललो.

दहा दिवस ती सकाळ-संध्याकाळ त्यांच्याजवळ बसली. ते डाव्या हाताने उकडलेल्या शेंगा फोडायचे आणि दाणे तिच्या तळहातावर ठेवायचे. मी लांबून बघायचो आणि मनाची समजूत घालायचो, की यांना भाषा लागत नाही. निघायच्या आदल्या दिवशी ताई धुणं वाळत घालता घालता म्हणाली, "ते काल मला विचारत होते, ही खरंच आपली का? आपली असती तर बोलली असती म्हणाले." तिच्या आवाजात दोष नव्हता. मी बादलीतली चादर उचलून तिच्या हातात दिली.

पुढच्या सप्टेंबरमध्ये अण्णा गेले. फोन आला तेव्हा मी बुओना व्हिस्टाला ऑफिसात होतो. मुलगी बरोबर यायचं म्हणत होती. परीक्षा आहे, तू राहा, असं मी तिला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. तिथे जमलेली माणसं तिच्याशी मराठीत बोलली असती आणि मला ते सोसलं नसतं. ताईने माझ्यासाठी अंत्यसंस्कार थांबवून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो आणि थेट नदीवरच गेलो.

परत आल्यावर एका रविवारी आम्ही दोघं ईस्ट कोस्टला समुद्राच्या कडेने चालत होतो. तिने एकदम विचारलं, त्या दिवशी दारात आजोबा खरं काय म्हणाले होते? कारण नंतर ते माझ्या डोक्याकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी सांगितलं.

ती थांबली. "मी रागावले नव्हते," ती इंग्रजीत म्हणाली. "हे तू त्यांना सांगितलंस?"

"दमलीय असं सांगितलं."

"मला कळलं असतं तर मी रडले असते. रडलेलं तर त्यांना कळलं असतं ना?"

ती भराभर पुढे चालत गेली.

त्यानंतर मी तिच्याशी मराठीत बोलायला लागलो. ती ऐकून घेते, बरंचसं तिला कळतंही, उत्तर इंग्रजीतच देते. परवा मी जेवताना मराठीतच विचारलं, डिसेंबरला कराडला येशील का? तिने भात कालवता कालवता विचारलं, तिथे आता मी कुणाशी बोलू? मी म्हणालो, आत्या आहे. ती बरं म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.