काकांनी दाखवलेलं शेवटचं पाणी

माझे धाकटे काका पाणाडे होते. तळहातावर नारळ आडवा धरून रानातून अनवाणी चालायचे आणि जिथे नारळ उभा राहील तिथे खूण करायचे. माणदेशातल्या आमच्या गावात विहीर खणायची तर आधी त्यांना बोलावणं जाई. माझा त्यावर विश्वास नव्हता, गावाचा होता.

काकू गेल्यावर मी त्यांना ठाकुर्लीला आमच्याकडे आणलं. त्या उन्हाळ्यात सोसायटीत एक दिवसाआड पाणी येत होतं, म्हणून बोअर मारायचं ठरलं. काका पाणी दाखवतात हे मीच कुठेतरी बोलून गेले होते. सेक्रेटरी नारळ घेऊनच वर आले. काकांनी त्यांना बसवलं, चहाचं विचारलं आणि आपण ते काम सोडलंय एवढंच सांगितलं.

मला जरा रागच आला. दुसऱ्या दिवशी सकाळी कारण विचारलं, तेव्हा ते बोलले.

गावाकडे पावसाचं तंत्र पार बिघडलं होतं. जून-जुलै कोरडे जायचे, मग महिन्याचा पाऊस एका दुपारी कोसळायचा आणि रानातली माती घेऊन ओढ्याने निघून जायचा. जमिनीत काही मुरत नव्हतं. बाजरी उभ्या उभ्या करपायची. अशात एका डाळिंबवाल्याने काकांना बोलावलं. त्यांनी जागा दाखवली. मशीन खोल खोल जात राहिलं आणि पाणी लागलं, धो धो लागलं. काकांना फेटा बांधला, गुलाल उधळला.

महिन्याभरात खालच्या आळीची विहीर आटली. ती याआधी कधी आटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. टँकर सुरू झाला. त्याच्यापाशी भांडणं लागली, एका बाईचं डोकं फुटलं. मग एकेका दाराला कुलूप पडत गेलं. कुणी पुण्याला गेलं, कुणी ऊसतोडीला.

"तुझ्या काकूचं माहेर त्याच आळीत," काका म्हणाले. "तिचा भाऊ घर सोडून गेला, तो तिच्या मातीलासुद्धा आला नाही. पाणी लागलं नसतं तर बरं झालं असतं, पोरी."

मी कपबश्या उचलून आत गेले.

सोसायटीने दुसरा माणूस आणला. दोन दिवस मशीन चालू होतं, घरभर दगडाची पांढरी पूड बसली. पाणी लागलं, पेढे वाटले गेले. काकांनी पेढा घेतला नाही. मागच्या चाळीत विहीर आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. होती. बायका तिच्यावर धुणी धुवायच्या.

तेव्हापासून ते रोज सकाळी तिकडे जाऊ लागले. वाकून पाहायचे, एखादा खडा टाकून आवाज ऐकायचे. परत आल्यावर, आज एक पायरी उघडी पडली, आज दुसरी, असं मला सांगायचे. वैशाखात पोहऱ्याचा दोर पुरेना. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहिले, आपला पंप निदान अर्धा वेळ बंद ठेवू म्हणाले. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पार्किंगचा विषय पुढे घेतला. घरी येऊन मी काकांना काय सांगायचं ते ठरवत होते, पण त्यांनी विचारलंच नाही.

त्याच वर्षी हिवाळ्यात ते गेले. चाळीतल्या दोघी आल्या होत्या. काका पाणाडे होते हे त्यांना ठाऊक नव्हतं. विहिरीत काही पडलं होतं का त्यांचं, असं त्यातल्या एकीने मला हळूच विचारलं.