अविनाशची हिवाळ्याची चाकं

अविनाश गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरात, बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात लिफ्टपाशी उभा होतो. नंतर वर गेलो की खाली, आजही आठवत नाही... महिना उलटला, पण माझा गोंधळ काही संपत नाही.

वीस वर्षांची मैत्री. मॅनेजर झाला तरी साधा स्क्रूसुद्धा तीनदा तपासणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीने, सईने, त्याला न विचारता कॅनडात लग्न केलं आणि बापलेकीचं बोलणं बंद झालं. मग तिची गाडी बर्फात घसरून फुटपाथला धडकली, चाक वाकलं, असं त्याला वहिनींकडून, म्हणजे त्याच्या बायकोकडून कळलं. आणि या पठ्ठ्याने वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये, जिथे पंख्याशिवाय झोप लागत नाही, तिच्या गाडीसाठी चार अलॉय व्हील आणून ठेवली. इथल्या फ्लॅटांत बॉम्बहल्ल्यापासून बचावासाठी बांधलेली जाड भिंतींची छोटी खोली असते, त्या बॉम्ब शेल्टरमध्ये, सुटकेसच्या शेजारी.

"मोठी चाकं दिसतात झकास, पण बर्फाखाली खड्डा लागला की रिम वाकते," तो मला ऐकवायचा. "एक इंच लहान घ्यायचं, म्हणजे टायर जाड बसतो. चकचकीत पॉलिशवाली तर नकोतच, बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेलं मीठ खातं त्यांना." दर रविवारी ती साबणाच्या पाण्याने धुवायचा, वॅक्स लावायचा. कोरी चाकं! मी म्हटलं, "अरे शहाण्या, त्यापेक्षा पोरीला फोन कर." तर म्हणे, "आधी चाकं पोचू देत." पाठवली मात्र नाहीत. का, ते मला कळलेलं नाही. राग येतो त्याचा, आणि मग रडू येतं.

सई आली ती तो गेल्यावर. तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती... बाबा रागावूनच गेला का?

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी ती खोली उघडून दाखवली. सई खाली बसली आणि नटांची भोकं बोटाने मोजू लागली.

"काका, ही पाच आहेत. माझ्या गाडीच्या चाकाला चार. बसणारच नाहीत."

त्याने माप तिच्या गाडीच्या फोटोवरून काढलं होतं, आणि फोटोत चाकांवर नट झाकणारी प्लास्टिकची झाकणं होती. एक फोन केला असता तर कळलं असतं. तीनदा तपासणारा माणूस!

"विकून टाकू?" मी चाचरत विचारलं.

सईने चाक पोटाशी ओढलं आणि सिंगापुरी ढंगात म्हणाली,

"Don't sell, lah काका. मी गाडी बदलते."