खोल पाण्यात जा

पाचूबंदरात वायरलेसवर ॲंजेलाचा आवाज आला की होड्या मागे फिरतात. वारा जरा फिरला, की ही बाई वायरलेस तोंडाशी धरते आणि दर्यावरच्या पुरुषांना अशी फैलावर घेते, की वादळ परवडलं म्हणत ते घराकडे सुटतात. तिचे वडील वादळात गेले, तेव्हा त्यांना बोलावणारं कुणी नव्हतं. त्यामुळे तिची हाक कुणी हसण्यावारी नेत नाही.

त्सुनामीच्या सरावातही भोंगा वाजताच तिने दर्यावर गेलेल्या नवऱ्याला तीच हाक मारली. "एडवर्ड, घरा ये!"

सराव घेणारी क्षितिजा ही बोळिंजच्या शाळेतली विज्ञानाची बाई. ती जवळ येऊन म्हणाली, "मावशी, खरी त्सुनामी असती तर बोट गेली असती."

ॲंजेलाचं डोकंच फिरलं. "तू माला दर्या शिकवतेस?"

"वादळात वारा वरची साय हलवतो, मावशी. समुद्राचा तळ भूकंपाने उचलला गेला, तर अख्खं पातेलंच हलतं. खोल पाण्यात ती लाट बोटीला कळतही नाही, पण धावते विमानाच्या वेगाने. किनाऱ्याशी पाणी उथळ झालं की ती अडते, मागून पाणी चढत जातं आणि सगळा मार बंदरावर बसतो."

त्या दिवशी ॲंजेला जेवली नाही. आपल्याच हाकेने एडवर्ड गेला असता, हे तिच्या घशाखाली उतरेना.

पावसाळ्यानंतर एका सकाळी खराच इशारा आला. दूर मकरानच्या किनाऱ्याजवळ समुद्राखाली मोठा भूकंप झाला होता. लाट उठली असेल, तर इथे पोहोचायला काही तास होते. इकडे वारा पडलेला, दर्या शांत. एडवर्ड बाहेर होता, आणि तिला तो त्या घटकेला दारात हवा होता.

तिने वायरलेस तोंडाशी धरला. "एडवर्ड, घरा येव नको. खोल पान्यान जा."

पलीकडून एडवर्डचा आवाज आला, "कोन बोलतय?"

"मीच! जा सांगतंय ना!"

वस्तीबरोबर ती बंदराजवळच्या शाळेच्या गच्चीवर जाऊन बसली. वायरलेस मांडीवर, नजर दर्यावर. दुपारी निरोप आला. समुद्रातल्या यंत्रांवर पाणी फारसं हललेलं दिसत नव्हतं, इशारा मागे घेतला होता.

"एडवर्ड, आता घरा ये," ती म्हणाली, आणि त्याचं उत्तर यायच्या आत रडू लागली.