झोपाळा उतरवणारा मामा

व्यंकट गेल्याची बातमी मी ज्यांना ज्यांना फोनवर कळवली, त्यांतल्या निम्म्या लोकांनी पहिला प्रश्न एकच विचारला : कुठून पडला? मला राग आला, आणि व्यंकट असता तर त्याला माझ्याहून जास्त आला असता. उंचावर काम करणाऱ्यांना धडधाकट खाली कसं यायचं हे शिकवण्यात त्याचा जन्म गेला, आणि स्वतः तो कधी साध्या स्टुलावरूनही पडला नाही. तो गेला तो दवाखान्यात, डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावर. छातीत दुखतंय म्हणून दाखवायला गेला होता. बायकोला, पद्माला, म्हणाला जरा पाणी आण, आणि ती पाणी घेऊन येईपर्यंत... एवढंच. त्या बाकाची उंची ती काय, पण लोकांना गोष्ट पुरी व्हायला हवी असते. सापवाला सापानेच मरायला हवा, तसं काहीतरी.

व्यंकट माझा आतेभाऊ, माझ्याहून लहान. तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर आहेत. घरात आम्ही आमची जुनी मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही. माझं आयुष्य तिरुवैयारूच्या शाळेत गणित शिकवण्यात गेलं, त्यामुळे गल्लीतले लोक माझ्या जिभेला वचकून असतात. व्यंकट मला अक्का म्हणायचा, पण वचकायचा मात्र नाही. डिप्लोमा करून तो दूर एका वीज केंद्रात नोकरीला लागला, आणि तिथे त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा जोडीदार चिमणीवरून खाली गेला. त्या माणसाच्या कमरेचा पट्टा नवा होता, दोर नवा होता, दोराच्या टोकाची पोलादी कडी नवी होती. ती कडी त्याने ज्या लोखंडी आधाराला अडकवली होती, तो आधार गंजलेला होता आणि तोच भिंतीतून उपटून आला. चौकशीत सगळ्यांनी सांगितलं की पट्टा लावलेला होता, आणि ते खरंच होतं. सुट्टीत घरी आला तेव्हा व्यंकट जेवता जेवता मध्येच थांबायचा. मला म्हणाला, "पट्टा सगळे बघतात, अक्का. पट्टा कशाला बांधला अहे ते कोणी बघत नाही."

तेव्हापासून तो ते बघायला लागला. पुढे नोकरीत त्याला तेच काम मिळालं, आणि नोकरी सोडून गावी आल्यावरही तो तेच शिकवत राहिला : मोबाईलच्या टॉवरवर चढणाऱ्यांना, भातगिरण्यांचे पत्रे बदलणाऱ्यांना, गोपुराला सारम बांधणाऱ्यांना, म्हणजे तुमच्याकडे ज्याला परांची म्हणतात ती. एकदा आमच्या शाळेच्या पाण्याच्या टाकीला रंग द्यायचा होता, तेव्हा मुख्याध्यापकांनी त्याला बोलावलं आणि मी वर्गाच्या खिडकीतून त्याचा वर्ग ऐकला. रंगारी कंटाळले होते. तो त्यांना कडी उघडून दाखवत होता. तिची दांडी मिटली म्हणजे कडी बंद झाली असं समजू नका, वरची नळी फिरवून कुलूप लावा, मग हाताने ओढा. भार कडीच्या लांबीवर यायला हवा, दांडीवर आडवा आला तर एवढी जाड कडीसुद्धा उघडते. दोर डोक्याच्या वर बांधा, पायाशी बांधला तर तो तुम्हाला धरेपर्यंत तुम्ही फार खाली गेलेले असाल. कड्या दोन ठेवा आणि एक लागल्याशिवाय दुसरी काढू नका. रंगाऱ्यांतला एक जण म्हणाला, सार, टाकीवर तर बांधायला काहीच नाही. व्यंकट म्हणाला, मग रंग नाही, आणि मोपेडवर बसून घरी आला. मुख्याध्यापक माझ्यावर चिडले. नंतर टाकीच्या काँक्रीटमध्ये नीट कडं बसवलं गेलं आणि रंग लागला, पण तोवर पोंगल उलटून गेला होता. नवरा असा तर्कट मिळाल्यावर पद्माने घरातला पंखा दुरुस्त करायला माणूस बोलावायचा असेल तर व्यंकट बाहेर गेलेला असतानाच बोलावायचा, असा नेम करून ठेवला होता.

त्याची धाकटी बहीण सरोजा गल्लीच्या टोकाला राहते. तिचा नवरा तरुणपणीच गेला, आणि तिची एकुलती लेक गायत्री व्यंकटच्या अंगाखांद्यावर वाढली. त्याला स्वतःला मूल नव्हतं. शाळेत सोडायला मामा, दाताच्या डॉक्टरकडे मामा, सायकल शिकवायला मामा. गायत्रीचं लग्न ठरलं तेव्हा हा माणूस आठवडाभर नवी वेष्टी नेसून आरशासमोर उभा राहत होता, असं पद्मा सांगायची. म्हणून पुढे जे झालं त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्या दिवसाची त्याच्याइतकी वाट कोणीच पाहिली नव्हती.

लग्नाच्या सकाळी वधूवरांना झोपाळ्यावर बसवून दूध-केळं द्यायची रीत आम्ही तमिळ शेजाऱ्यांकडून केव्हाच उचलली, आणि तिला त्यांच्यासारखंच ऊंजल म्हणतो. बायका गाणी म्हणत झोका देतात, रंगीत भाताचे मुटके ओवाळून चारी दिशांना टाकतात. संसार हेलकावला तरी जोडी सुटू नये, असा त्याचा अर्थ सांगतात. पूर्वी हा झोपाळा घरच्या तुळईला टांगायचे. आता लग्न कल्याणमंडपात, तिथे वर शोभेचं खोटं छत, म्हणून सजावटवाला स्वतःची नळ्यांची कमान आणतो आणि झोपाळा तिला लटकवतो. नादस्वरम् सुरू झालं होतं. भाचीचा हात धरून तिला झोपाळ्यापाशी आणायचा मान मामाचा. व्यंकटने तिला आणलं, बसवण्याआधी साखळीवरच्या मोगऱ्याच्या माळांत हात घातला, आणि तो हात तिथेच राहिला. मग तो माळा सोडायला लागला. आत उघड्या तोंडाचे आकडे होते, नळ्यांचे सांधे एकेका स्क्रूवर होते, आणि कमानीचे पाय वाळूच्या पोत्यांवर.

सजावटवाला म्हणाला, प्रत्येक मुहूर्ताला हीच कमान लावतो, आजवर काही झालं नाही. तेवढ्यावर न थांबता तो स्वतः झोपाळ्यावर बसला आणि जोरात झोके घेऊन दाखवले. काहीही झालं नाही. लोक हसले. व्यंकट म्हणाला की हा एकटा बसला आणि सरळ हलला, तिथे दोघं बसणार आणि दहा बायका बाजूने ढकलणार, एकदा पेललं म्हणजे पुढच्या वेळी पेलेल असं नाही. मग तो मंडपभर दुसरी भक्कम जागा शोधत फिरला. खरी तुळई खोट्या छताच्या वर होती आणि तिथवर पोचायला वेळ नव्हता. मी नवऱ्या मुलाच्या आईशेजारी उभी राहून गोड बोलून वेळ काढत होते, पण त्या बाईंच्या कपाळावरची आठी काही जाईना. सरोजा पुढे झाली. ती ओरडली नाही. म्हणाली, "आज मामा होऊन उभा राहा, व्यंकट. साहेब उद्या हो."

"मामा अहे म्हणूनच उतरवतों," तो म्हणाला, आणि त्याने झोपाळ्याची फळी दोन्ही हातांनी उचलून आकड्यांतून काढली.

जोडीला दोन पाटांवर बसवून दूध-केळं दिलं. गाणी झाली, मुटके टाकले, मुहूर्त चुकला नाही. नवऱ्या मुलाची आई मात्र जाता जाता एवढंच म्हणाली की थांबलेला ऊंजल चांगला नव्हे. पुढच्या मुहूर्ताला त्याच मंडपात दुसऱ्या कोणाचं लग्न होतं. सरोजा मुद्दाम तिथे गेली, त्याच कमानीच्या त्याच आकड्यांवर जोडपं हसत झोके घेताना डोळे भरून पाहून आली, आणि भावाच्या दारात उभं राहून पद्माला ते सगळं सांगून गेली. व्यंकट आत पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं नाही, असं पद्मा म्हणते.

एवढ्यावर मिटलंही असतं. बहीणभाऊ किती दिवस रुसणार? पण वर्षाच्या आत गायत्रीला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला. सासूने ते लग्नातलं वाक्य पुन्हा उच्चारलं, आणि सरोजाने ते आणून जसंच्या तसं व्यंकटच्या पदरात टाकलं. त्यानंतर दोघांत बोलणं उरलं नाही. गल्लीत समोरासमोर आले की एकजण नळाकडे वळायचा, दुसरी देवळाकडे. व्यंकट शकुन-अपशकुन मानणारा नव्हता. पण माणूस मानत नाही म्हणून त्याला लागत नाही, असं थोडंच आहे? तो कामाला जात राहिला, त्याच कड्या, तीच कुलपं शिकवत राहिला, फक्त लग्नाच्या आमंत्रणांना तो पद्माला एकटीला धाडायला लागला.

आमची शेवटची भेट माझ्या ओट्यावर झाली. कॉफी निवत होती. तो एकदम म्हणाला की अक्का, तो झोपाळा मोडला नसता असंच धरून चाल. मी म्हटलं, धरलं. मग मी काय केलं, त्याने विचारलं. मी म्हटलं, एका झोपाळ्याचा खोळंबा केलास, एवढंच. आणि मोडला असता तर? मी म्हटलं, तर सगळ्यांना कळलं असतं तू बरोबर होतास ते. तो हसला, कप खाली ठेवला.

"म्हणजे मी बरोबर ठरायला गायत्री पडायला हवी होती," तो म्हणाला. "त्यापेक्षा मी चूक ठरलेला बरा. पण सरोजा एकदा बोलली असती तर..." मग उठून तो समोर घरी गेला. जो अपघात झालाच नाही, तो कोणाला कसा दाखवणार? त्याच्या धंद्याचं सगळं यश असं दिसेनासं होणारं होतं, आणि घरातही त्याच्या वाट्याला तेच आलं.

अंत्यविधीला सरोजा आली, दाराशी उभी राहिली आणि कोणाशी न बोलता गेली. गायत्री आलीच नाही. ज्याने वाढवलं तो मामा गेला आणि भाची आली नाही, हे मला फार झोंबलं. तेरावा झाल्यावर बोलायचं मी मनाशी ठरवूनही ठेवलं होतं. त्याआधीच सरोजाचा निरोप आला की गायत्रीला मुलगी झाली, बारशाला ये. कुंभकोणमला सासरी असलेल्या लेकीला दिवस गेल्याचं सरोजाने गल्लीत कोणालाच कळू दिलं नव्हतं. दुधाने तोंड पोळलेली बाई ती. ना डोहाळजेवणासारखा बांगड्यांचा सोहळा, ना आमंत्रण, ना कोणापाशी ब्र. शेवटच्या महिन्यात लेकीला तिने अंधार पडल्यावर माहेरी आणलं, आणि पोटुशी बाई मयताच्या घरी जात नाही म्हणून गायत्री गल्लीच्या टोकाला दार लावून रडत बसली होती.

बारसं घरच्या घरीच झालं. शेजारणीचा पायांवर उभा राहणारा लाकडी पाळणा आणला होता, तो संध्याकाळी परत गेला. बायका पांगल्यावर सरोजाने फडताळातून एक मऊ, धुतलेली साडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. आमच्याकडे बाळ छताला टांगलेल्या साडीच्या झोळीत झोपतं, तिला आम्ही तोट्टिल म्हणतो. बाळ येण्याआधी ती बांधायची नाही, तिच्यासाठी छताला कडीसुद्धा मारायची नाही, अशी रीत आहे.

"म्हणून थांबलें, अक्का," सरोजा म्हणाली. "बाळ झालं की त्याच्या दारात जाणार होतें. व्यंकट, तोट्टिल कुठे बांधू ते तूच येऊन सांग, असं म्हणणार होतें. वाक्य पाठ केलं होतं मी."

बाळ होणार हे त्याला कळलं असतं तर... नुसतं कळलं असतं तरी पुरे होतं. तो गेला तो मनात गायत्रीची रिकामी ओटी घेऊन गेला, आणि त्याच वेळी शंभर पावलांवर ती भरत होती. चूक कोणाची म्हणू? रीत पाळणाऱ्या बाईची म्हणवत नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, आता दुसऱ्या कोणाकडून तरी कडी बसवून घे, नाहीतर तोवर पोर मोठी होऊन जाईल.

"आला होता एक माणूस," ती म्हणाली. "भक्कम बसेल का विचारलं, तर वर न बघताच हो म्हणाला. परत पाठवला त्याला."

साडी तिने पुन्हा घडी घालून जवळ घेतली. बाळ खाली चटईवर झोपलं होतं, आणि आम्ही दोघी त्या कोऱ्या छताकडे बघत बसलो.