सूनबाईंच्या बदलीबाबत

विषय : चि. निनाद व सौ. सायली यांनी बडोद्यात राहणे अथवा पुण्यास जाणे.
संदर्भ : सौ. सायली यांनी आपल्या कंपनीकडे केलेला बदलीचा अर्ज.

उपरोक्त विषयाबाबत सादर करण्यात येते की, निनाद हा आमचा एकुलता एक मुलगा, सायली ही त्याची बायको आणि मांजलपूरच्या या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं राहतो. अर्ज मंजूर झाला, तर दोघंच उरू. मी आणि आमची ही.

आयुष्यभर सरकारी टेबलावर बसलो म्हणून सुरुवात अशी झाली. आता नीट सांगतो. किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. एक घडतो, आपण हसतो. दुसरा घडतो, शेजाऱ्यांना सांगतो. पाच-सहा झाले की लक्षात येतं, अरेच्चा, ही तर एकाच प्रकरणाची फाईल आहे! आणि मग हसू जरा कमी येतं.

सायली लातूरची. पाणी हे टँकरमधून येतं, असा तिचा लहानपणापासूनचा अनुभव. तिच्या नवऱ्याने बडोद्यात आल्या आल्या तिला पहिल्यांदा कुठे फिरायला न्यावं? नदीवर!

*

विश्वामित्रीच्या पुलावर संध्याकाळी माणसं थांबतात, खाली डोकावतात आणि पाहुण्यांना मगरी दाखवतात. इतर गावांत लोक देऊळ दाखवतात, तसं. निनादनेही मोठ्या प्रेमाने गाडी थांबवली. काठावरच्या चिखलात तीन मगरी पसरल्या होत्या.

सायलीने इकडे-तिकडे पाहिलं. "कुंपण कुठंय?"

"कसलं कुंपण?"

"अरे, प्राणिसंग्रहालयाचं!"

"प्राणिसंग्रहालय त्या तिकडे. ही नदी आहे."

शेजारी शेंगदाणे खात उभ्या असलेल्या एका काकांना तिची दया आली. "बेन, बीवानुं नहीं," म्हणजे घाबरायचं नाही, असं म्हणून त्यांनी धीर दिला, "कशुं नहीं करे, काही करत नाही. पावसाळ्यात सोसायटीत येते, पण पाणी उतरलं की आपणहून परत जाते. फार समजूतदार जनावर!"

घरी येऊन सायलीने मला एकच प्रश्न विचारला. "बाबा, आपली सोसायटी उंचावर आहे का ओ?"

मी म्हटलं, "आहे की."

आम्ही तळमजल्यावर राहतो.

*

पुढे पावसाळा आला. नदी भरली, आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी आलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर निरोप फिरला की मागच्या भिंतीशी मगर दिसली आहे. असे निरोप दर वर्षी येतात. आम्ही ते वाचतो आणि दूध आणायला जातो.

निनाद आणि सायलीही दूध आणायलाच निघाले होते. तो पुढे, ती त्याच्या शर्टाचं टोक धरून मागे. तेवढ्यात कोपऱ्यावर काहीतरी काळं, लांबट, अर्धं बुडालेलं हलताना दिसलं. सायली अशी किंचाळली की तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांनी खिडक्या उघडल्या.

शेजारचे हर्षदभाई पायजमा गुडघ्याच्या वर दुमडून शांतपणे आले. छत्रीच्या टोकाने त्यांनी ती वस्तू टोचली आणि हसून म्हणाले, "टायर छे, बेन! मगर तो पेली बाजू छे!"

आणि पलीकडे बोट दाखवलं.

त्या दिवशी आमच्या घरी सगळ्यांनी कोरा चहा घेतला.

*

आमच्या हिने निनादला बाजूला घेऊन झापलं. "तिला फिरायला नेतोस की घालवून द्यायला? जरा बरं काहीतरी खाऊ घाल!"

म्हणून तो तिला फतेगंजात सेवउसळ खायला घेऊन गेला. सेवउसळीत तर्री किती, यावर बडोद्याच्या माणसाची लायकी ठरते. गाडीवाला मन लावून वाढत होता. सायली निनादला मराठीत म्हणाली, "त्याच्या नखांकडं बघ. मी नाही खाणार बाई. हा माणूस आपल्याला दवाखान्यात पोचवणार."

परक्या मुलखात आपली भाषा म्हणजे बंद खोली, असं तिला वाटत होतं. गाडीवाल्याने डिश पुढे केली आणि म्हणाला, "ताई, ती हळद आहे. लिंबू जास्त पिळू का?"

त्याच्या पणजोबांचे वडील गायकवाडी फौजेत शिपाई म्हणून आले होते. आमचेही त्यातलेच. गप्पांत त्याचा एक लांबचा चुलता आमच्या हिच्या मावसबहिणीचा दीर निघाला! आता खाणं भागच होतं. सायलीने दोन डिश खाल्ल्या. भीतीपोटी.

तेव्हापासून तिने बडोद्यात मोठ्याने मराठी बोलणं बंद केलं. कोण कुठे कुणाचा दीर निघेल, सांगता येत नाही. नवरा-बायको बाहेर भांडायचे तेही इंग्रजीत. त्यामुळे भांडणं लवकर मिटू लागली, कारण दोघांचेही शब्द संपायचे. हा एक फायदा मात्र झाला.

*

स्कूटर चालवण्याचं प्रकरण जास्त गंभीर होतं. सायलीचं ऑफिस लांब, मध्ये एक मोठं सर्कल. त्या सर्कलला चारी बाजूंनी गाड्या येतात आणि पाचव्या बाजूने रिक्षा. निनादने तिला बडोद्याचा नियम शिकवला. "समोरच्याला घाबरायचं नाही. त्याला तुझी भीती वाटली पाहिजे."

"आणि त्यालाही त्याच्या बापानं हेच शिकवलं असेल तर?"

निनादने बापाकडे पाहिलं. बापाने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

शेवटी तिने स्वतःच तोड काढली. त्या सर्कलवरून रोज सकाळी एक पांढरी गाय रस्ता ओलांडते. गाय निघाली की बस, टेम्पो, पोलिसांची जीप, सगळं थांबतं. सायली गाडीवरून उतरायची, गाडी हातात धरायची आणि गाईच्या आडोशाने चालत पलीकडे जायची. गाईचा वेग तोच तिचा वेग. मध्येच गाय रवंथ करायला थांबली, तर हीही थांबायची.

एकदा ऑफिसला पोचायला उशीर झाला. साहेबांनी कारण विचारलं. खोटं बोलायला ती घाबरते. म्हणाली, "सर, आज गाय आली नाही."

साहेब पक्के बडोद्याचे. मान हलवून म्हणाले, "हो, मीही आत्ताच आलो."

*

इथपर्यंत आम्ही हसत होतो. हसू थांबलं ते नवरात्रात.

बडोद्याचा गरबा ज्याने पाहिला नाही, त्याला सांगून कळायचं नाही. हजारो माणसं अनवाणी, एकात एक गोल, आणि सगळे गोल फिरताहेत. आत शिरणं सोपं. बाहेर पडायचं, तर तिरकं तिरकं सरकत एकेक गोल ओलांडावा लागतो. ते अंगात मुरायला इथे जन्मावं लागतं. निनाद जन्मलेला. त्यामुळे हे सांगायला हवं, असं त्याच्या डोक्यातच आलं नाही. दोन पावलं शिकवून तो तिला सगळ्यात आतल्या गोलात घेऊन गेला आणि म्हणाला, "तू एक फेरी मार, मी पाणी घेऊन येतो."

सायली फिरत राहिली. थांबावं तर मागचे तुडवतील, वळावं तर शेजारचे आपटतील. माणसांच्या फटीतून निनाद दिसला की ती जिवाच्या आकांताने ओरडायची, "निनाद, मला बाहेर काढ!" ढोलाच्या आवाजात त्याला ते ऐकू कुठे येणार? तो आनंदाने हात हलवायचा. पुढच्या खेपेला तिने हात जोडले. त्याला तीही गरब्याचीच अदा वाटली. त्याने व्हिडिओ काढला आणि स्टेटसला ठेवला.

आरतीला सगळे थांबले, तेव्हा ती सुटली. घरी येऊन ती खुर्चीत टेकली. इतक्यात लातूरहून तिच्या आईचा फोन. "स्टेटस बघितलं गं! किती रमलीस बाई तिकडं! आता माझी काळजी मिटली!"

दुसऱ्या दिवशी सायलीने बदलीचा अर्ज टाकला. पुणे. निनादचं काम लॅपटॉपवरचं, तो कुठेही बसून करू शकतो. अर्जात कारण लिहिलं, 'वैयक्तिक'. जेवताना तिने आम्हाला सांगितलं. आवाज अगदी साधा होता. "बाबा, राग नका मानू. मला इथं कुणाचा त्रास नाही. पण घराबाहेर पाऊल टाकलं की छातीत धडधडतं. असं किती दिवस काढायचे?"

यावर रागावणार काय? आमची ही उठली आणि तिच्या पानात भात वाढला. तिच्या पानात भात होताच.

*

माझे जुने सहकारी दीक्षित फतेगंजात राहतात. दुसऱ्या कोणाला सांगणार? त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले. "अर्जच ना? मग काळजी कसली? आपण कचेरीत बसायचो, तेव्हा कधी कुणाचा अर्ज हलला होता का?"

मी म्हटलं, "खाजगी कंपनी आहे हो."

दीक्षितांचं हसू मावळलं. "मग मात्र कठीण आहे."

तेव्हापासून सायलीचा फोन वाजला की मी वर्तमानपत्राआडून कान टवकारायचो. आमची ही फोडणी टाकून गॅससमोर नुसती उभी राहायची. घरात घाबरणारं माणूस एकच आहे, असा निनादचा समज होता. प्रत्यक्षात तिघं होतो. तो एकटाच काय तो निर्धास्त!

*

मग उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, आलं. त्या दिवशी बडोदं जमिनीवर राहत नाही, गच्चीवर राहतं. आम्हीही सगळे वर होतो. निनादचा पतंग लांबवर पेच लढवत होता. त्याने जोरात खेच दिली आणि मांजा तळहातात घुसला. तो ओरडला. आजूबाजूच्या गच्च्यांना वाटलं, पतंग कापला म्हणूनच ओरडतोय. त्यांनी थाळ्या वाजवल्या.

रक्त थांबेना. आमच्या हिने टॉवेल गुंडाळला, तो लाल झाला. दुसरा गुंडाळला. मी रुग्णवाहिकेला फोन केला. आधीचे बरेच कॉल आहेत, वेळ लागेल, म्हणाले. रिक्षा एकही नाही. रिक्षावालेही कुठल्या ना कुठल्या गच्चीवर. हर्षदभाईंची मोटार दुसऱ्या तीन मोटारींमागे अडकलेली. निनादने एकदा टॉवेलकडे पाहिलं आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. ओठ पांढरे.

सायलीने स्कूटरची किल्ली घेतली. "बाबा, तुम्ही मागं बसा. ह्याला मध्ये धरा. सोडू नका."

मी तिच्याकडे पाहिलं. गाईशिवाय ती सर्कल ओलांडत नाही, ही वस्तुस्थिती मला ठाऊक होती. पण मागे बसलो.

पुढचं मला सलग आठवत नाही. रस्त्यावर झाडापासून खांबापर्यंत, खांबापासून गच्चीपर्यंत मांजाचे दोरे लोंबत होते. ते दिसत नाहीत, उन्हात क्षणभर चमकतात, तोवर आपण त्यांच्यात असतो. सायली एका हाताने गाडी चालवत होती, दुसरा हात गळ्यासमोर आडवा धरून. दोरा चमकला की ओरडायची, "बाबा, मान खाली!" मी माझी मान खाली घालायचो आणि निनादचीही दाबायचो. एकदा काहीतरी माझ्या टोपीवरून सर्र्कन गेलं. टोपी राहिली मागेच. मी वळून पाहिलं नाही. मान वळवायची माझी हिंमत नव्हती.

पुढे रस्ता अडला, तर तिने गाडी सरळ राँग साईडला घातली. समोरून टेम्पो. मी डोळे मिटले. कानावर फक्त तिचा आवाज, चक्क गुजरातीत : "खसो ने, भाई! आघा खसो!"

टेम्पो बाजूला झाला. एक पोलिसाची शिट्टी ऐकू आली, ती मागे मागे जात विरली.

मध्ये बसलेला निनाद पुटपुटत होता, "सायली, हळू... अगं, हळू ना..."

"गप बस की! रक्ताकडं बघू नको."

"मी रक्ताकडं बघत नाहीये. रस्त्याकडं बघतोय!"

दवाखान्यात हातावर टाके पडले. शीर थोडक्यात वाचली, आणखी उशीर झाला असता तर बोटं नीट चालली नसती, असं डॉक्टरांनी सांगितलं. सायलीने बाकावर बसून पाण्याची अख्खी बाटली एका दमात संपवली. मी दुसरी संपवली.

परत निघताना निनाद गाडीजवळ येईना. "मी रिक्षाची वाट बघतो," म्हणाला.

"रिक्षा संध्याकाळपर्यंत नाही मिळायची."

"चालेल."

त्याला खरंच संध्याकाळी रिक्षा मिळाली. मी त्याच्याबरोबर थांबलो. मुलाच्या सोबतीला, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे.

घरी आलो तर सायली केव्हाच पोचली होती. आमच्या हिने पानं वाढली. उंधियू, पुरी, जलेबी. निनाद डाव्या हाताने खात होता. मग तो पानाकडे बघतच म्हणाला, "सायली, तुझ्या त्या पुण्याच्या बदलीचं काय झालं गं? उद्या जरा ऑफिसात विचार की."

आमच्या हिचा हात वाढता वाढता थांबला. मी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच धरून ठेवला.

सायलीने जलेबीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि म्हणाली, "आई, उंधियू आणखी आहे का ओ?"

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.