तलाव रंगवताना दिलेला शब्द

विशीत माझं डोकं फार तापट होतं. मेहकरच्या कचेरीत मी बिनपगारी उमेदवार होतो, म्हणजे काम कारकुनाचं आणि मान चपराशाच्याही खालचा. बसल्या जागी माझा पाय सारखा हलायचा. माझ्या रागापायी दोन सोयरिकी मोडल्या होत्या. पहिल्या पाहुण्यांनी माझं अक्षर खेकड्यासारखं आहे म्हटलं, तर मी म्हणालो, मग खेकडाच जावई करून घ्या. दुसऱ्या पाहुण्यांना काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. वडिलांनी सांगून टाकलं, "आता तिसरं स्थळ मोडलं त मी कोणाच्या दारात जात नाही." मी घाबरलो. लग्नाची मला फार हौस होती, उगीच कशाला लपवू?

माझ्या पायाने टेबल हलतं म्हणून मोठे कारकून वैतागायचे. त्यांनी मला गावांच्या नकाशांच्या नकला रंगवायला बसवलं. रस्ता तांबडा, झाडी हिरवी, पाणी निळं. पथ्य एकच: रंग ओला आहे तोवर हात थांबवायचा नाही. थांबला की डाग पडतो आणि कागद वाया जातो. कुंचल्याचं टोक मी जिभेवर ओलं करायचो, त्यामुळे संध्याकाळी जीभ निळी दिसायची. पण चार दिवसांत पाय हलायचा थांबला. रंगवताना कुणी काही विचारलं तर मी गोड आवाजात "हाव जी" म्हणायचो. काय विचारलं ते मात्र मला ठाऊक नसायचं.

एका दुपारी मी एक भला मोठा तलाव रंगवत होतो. तो अर्धा झाला असताना नक्कल मागायला आलेला एक शेतकरी शेजारी बसून बोलू लागला. मी मान वर केली नाही. काय बोलणं झालं ते नंतर चपराशी चाचांकडून कळलं. ते दारातच उभे होते.

"बापू, बायको तिखट बोलली त ऐकून घेसान?"

"हाव जी."

"भाजीत मीठ जास्त झालं त गुमान खासान?"

"हाव जी."

"दरसाल तीन महिने तिले माहेरी धाडसान? अन् सासऱ्याच्या वावरात वखर धरसान?"

"हाव जी. हाव जी."

घरी आलो तर तोच माणूस ओसरीवर बसलेला आणि वडील गूळ वाटत होते. "पोरगा थंडा हाये," तो म्हणत होता, "लोक काहीबाही सांगतेत." माझं लग्न ठरलं होतं. त्या आनंदात मी निळी जीभ दाखवत गावभर हसत फिरलो.

पुढच्या उन्हाळ्यात बायको माहेरी आणि मी तिच्या बापाच्या वावरात, वखरामागे. डोक्यावर ऊन आणि डोक्यात राग, दोन्ही तापलेलं. तिसऱ्या दिवशी मी बैल थांबवले आणि सासऱ्यांना सांगून टाकलं, "मामा, त्या दिवशी मी तुमचं एक अक्षर ऐकलं नव्हतं. माझं सगळं ध्यान तलावात होतं."

त्यांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे पाहिलं.

"मले मालूम होतं, जावईबापू," ते म्हणाले. "तलाव अर्धा होयेपर्यंत मी दारात चाच्याजोळ उभा होतो."